केझियाची मान

११ फेब्रुवारी १९७४

डॉक्टर म्हणतो, "मिस पेनगेली, ओरडणं बंद करा. राग आला की वहीत लिहून काढा. रक्तदाब आपोआप उतरेल." म्हणून ही वही आणली. पहिला राग त्याचाच. ओठावर धड मिसरूड फुटलेलं नाही आणि मला शिकवतो. टेमर नदीच्या या उभ्या उतारावर डॅफोडिलची शेती एकटीनं करून दाखव म्हणावं, मग कोण ओरडत नाही ते बघते.

दुसरा राग बेरिलचा. बेरिल माझी थोरली बहीण. चाळीस वर्षं प्लिमथला नवऱ्याच्या बुटांच्या दुकानात बसली. नवरा गेला, दुकान विकलं, आणि ऑक्टोबरात ट्रंक घेऊन दारात हजर. घर बाबांचं, म्हणजे तिचंही, नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? आल्या दिवसापासून किटली कुठे ठेवायची ते मला सांगते आहे. तीस वर्षं ती किटली मी म्हणेन तिथे राहिली.

लिहून झालं. राग काही उतरला नाही.

२४ फेब्रुवारी

वहीला हात लावायला फुरसत नाही. कळ्या भराभर वर येतायत. तोडा, जुड्या बांधा, खोक्यात भरा, डेन्झिलच्या गाडीत घाला. डेन्झिल शेजारचा, सगळ्या खोऱ्याचा माल स्टेशनवर नेतो आणि जाताना सगळ्या खोऱ्याच्या चौकशा करतो.

बेरिलला जुड्या बांधायला बसवलं. बुटाच्या नाड्या बांधाव्यात तशा गाठी मारते. बोलले तर म्हणाली, "सुटत तर नाहीत ना?" सुटत नाहीत, हेच तर रडगाणं आहे! लंडनचा फुलवाला कात्रीनं कापत बसेल आणि माझ्या नावानं शिव्या घालेल.

पण आज एक चांगली गोष्ट झाली. मिस्टर टॉलमन नावाच्या माणसाचा फोन आला. समुद्राकडच्या बाजूला त्यांची बाग आहे, जुन्या, विसरलेल्या जातींची डॅफोडिल ते जमवून जपतात. त्यांना बाबांची 'केझिया' हवी आहे. "नावाचा उल्लेख सगळीकडे सापडतो, फूल कुठेच सापडत नाही," म्हणाले. मी म्हटलं, सापडणार कसं? ते माझ्याकडे आहे.

केझिया माझ्या आईचं नाव. बाबांनी स्वतः बी धरून, रोप वाढवून केलेलं फूल, आणि ती गेली त्या वर्षी त्याला तिचं नाव दिलं. मला नवरा नाही, मूल नाही. मी गेले की या उतारावर कुणी तरी तंबू ठोकून उन्हाळी पाहुणे ठेवील. केझिया टॉलमनच्या बागेत गेली तर आईचं नाव राहील. नाही तर माझ्याबरोबर तेही संपलं.

बेरिलला सांगितलं. "अस्सं," म्हणाली आणि गाठी मारत बसली. आई काय माझी एकटीची होती?

३ मार्च

केझिया उमलली. नदीकडच्या खालच्या वाफ्यात, ओळीच्या ओळी. पांढऱ्या पाकळ्या, पिवळी लांब तुतारी, आणि मान कशी ताठ! समोर उभं राहिलं की फूल थेट डोळ्यात बघतं.

हे असं आपोआप झालेलं नाही. आई गेल्यावर मला चार वर्षांच्या पोरीला कॅम्बोर्नला मावशीकडे धाडलं, बेरिल मात्र बाबांजवळ राहिली. मी परत आले ती दुसरी मोठी लढाई संपता संपता, बाबांना पक्षाघात झाला तेव्हा. बेरिल तोवर लग्न करून मोकळी झाली होती. शेताची दशा काय सांगावी! लढाईत हुकूम आला होता, फुलं काढा आणि बटाटे लावा. बाबांनी सगळे कंद बांधावर फेकून दिलेले. ते शोधून शोधून मी परत लावले. पण त्यात बाबांची अर्धीकच्ची रोपं, बाजारी किंग आल्फ्रेडचे कंद, सगळी खिचडी. आणि बाबांची तर वाचाच गेलेली, विचारणार कुणाला?

पण मला केझिया ओळखायला कुणी सांगायला नको होतं. आईचं दुसरं काही आठवत नाही, चेहरा मात्र लख्ख आठवतो. अगदी समोर, नाकाला नाक लागेल इतका. म्हणून ताठ, समोर बघणारी फुलं ठेवली आणि मान टाकलेली मरतुकडी सगळी भेसळ म्हणून काढली. दर वसंतात काढते. खणायचा काटा मातीत खोल घालायचा, कंदासकट वर घ्यायची, जाळून टाकायची. बाबा तेव्हा वाफ्याकडेला खुर्चीत बसायचे. मी भेसळ उपटायला लागले की काठी आपटायचे. जितकी उपटावी तितकी काठी जोरात. डोळ्यांतून पाणी यायचं त्यांच्या. बोलता येत नव्हतं, पण शाबासकी कळायची. त्या काठीवर मी तीस वर्षं काढली.

४ मार्च

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. 

सकाळी बेरिलला खालच्या वाफ्यावर नेलं. लग्नानंतर ती यायची ती नाताळात, नाही तर ऑगस्टात चॅपेलच्या चहाला. फुलांच्या दिवसांत दुकान सोडून कधी फिरकली नाही. म्हटलं, बघू दे.

बघितलं. म्हणाली, "या कुठल्या गं?"

"डोळे फुटले का? केझिया."

"ही केझिया नव्हे." इतकं सरळ, जसं काही बुटाचा नंबर सांगतेय. मग ओळीच्या टोकाशी गेली. तिथे थोडी भेसळ उभी होती, अजून काढायची राहिलेली. "ही बघ. ही केझिया. मान खाली घालून असायची ती."

"ती भेसळ आहे, बेरिल."

"आईचं फूल मान खाली घालायचं. मी वाढले त्या वाफ्यात. तू तेव्हा कॅम्बोर्नला होतीस."

"कळी असेल ती! उमलताना सगळीच मान वाकवतात."

"कळी आणि फूल मला कळतं."

"आपल्या आईनं कधी कुणासमोर मान खाली घातली नाही!"

"तुला काय माहीत? तू एवढीशी होतीस."

"आणि तुला काय माहीत? चाळीस वर्षं लोकांचे पाय मापत बसलीस ती!"

हिनं उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. हिला आई तेरा वर्षं मिळाली, बाबा मिळाले, घर मिळालं, नवरा मिळाला. माझ्याकडे काय, तर हा एक वाफा. आता तोही खोटा म्हणते. आणि आईला मान खाली घालायला लावते! आमच्या आईनं असं काय केलं होतं मान खाली घालण्यासारखं?

बेरिल जेवायला खाली आली नाही. बरं झालं.

९ मार्च

पाच दिवस घरात कुणी बोलत नाही. ती मिठाची गुळणी धरून बसली आहे. मीही काही कमी नाही.

टॉलमन पुढच्या आठवड्यात येतोय. तो येईल, बेरिल पुढे होईल, ही नव्हे ती केझिया म्हणून बोट दाखवील, आणि माझी तीस वर्षं पाण्यात. आज दुपारी ती खिडकीतून खालच्या वाफ्याकडे टक लावून बघताना दिसली आणि माझं डोकंच फिरलं. तशीच उठले. काटा आणायला शेडपर्यंत जायचाही धीर नव्हता. हातानंच! मान टाकलेली दिसली की मुठीत धरायची, पिळायची आणि ओढायची. सगळ्या ओळी पालथ्या घातल्या. एकही ठेवली नाही. हात हिरवे चिकट झाले, कंबर मोडली, पण जिवाला काय गार वाटलं!

डेन्झिल खोकी न्यायला आला होता. म्हणाला, "थर्झा, कुणाची मुंडकी पिरगाळतेस?"

"तुझं राहिलं आहे अजून."

"बेरिल घरात आहे ना? जिवंत?"

ढिगारा जाळून टाक म्हटलं त्याला. पाऊस यायच्या आत जाळलाही. धूर बरोबर बेरिलच्या खिडकीकडे गेला.

१६ मार्च

टॉलमन आला. मऊ आवाजाचा, उंच माणूस. मांस-बटाट्याची पेस्टी खाल्ली, चहा घेतला, आभार मानले. मग गाडीतून एक कुंडी आणून माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली.

कुंडीत दोन फुलं. पांढऱ्या पाकळ्या, पिवळी तुतारी. माना खाली.

"मिस पेनगेली, तुमच्या वडिलांनी लढाईच्या आधी काही कंद आयर्लंडला एका मित्राला पाठवले होते. त्या बागेत वाफ्यावर शिशाची पट्टी आहे, त्यावर केझिया नाव ठोकलेलं. तिथून आणली. त्या वाफ्यात दुसरं काही कधी लावलं गेलं नाही."

मी म्हटलं, "आयर्लंडच्या पावसात पाद्रीसुद्धा मान खाली घालून चालतात."

तो हसला नाही. म्हणाला, "माझ्याकडे आहे ते एवढंच, आणि ते जगणार नाही." पानांवर पिवळे पट्टे होते, आजारी पानांवर असतात तसे. त्या रोगाला औषध नाही. "म्हणून तुमच्याकडची निरोगी हवीत. खाली बघायला जाऊ या?"

गेलो. ओळीमागून ओळ ताठ उभी. तो बराच वेळ फिरला. मग म्हणाला, "फूल फार सुरेख आहे."

"मग न्या."

"ही केझिया नाही."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, डॉक्टर वाचेल. बेरिल दारात उभी होती. मला वाटलं, आता ही बोलणार, आता ही फुशारकी मारणार. पण टॉलमन गाडीत बसल्यावर तिनं कुंडी उचलली आणि खिडकीत उजेडाला ठेवली, एवढंच.

मी कुंडीला पाठ करून बसले.

२४ मार्च

आज आयांचा रविवार. चॅपेलमध्ये पोरांनी आयांना जुड्या दिल्या, आमच्याच शेतातल्या. मी दोन भजनं गायले आणि उठून बाहेर आले.

जेवताना मीच तोंड उघडलं. आठवडाभर ती कुंडी डोळ्यासमोर. म्हटलं, "आईनं काय केलं होतं गं, अशी लाजून मान खाली घालायला?"

बेरिलनं काटा आदळला. तिला ओरडताना मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

"लाजून? गाढवे, लाजून नाही! तुझ्याकडे बघायची ती! तू सदा तिच्या पायात. झगा धरून. चुलीशी उभी तरी खाली बघणार, दारात माणूस आला तरी त्याच्याशी बोलणार खाली बघत. बाबा चिडवायचे, केझिया, तुला मान वर करता येते का गं? ती गेली त्याच वसंतात ते रोप पहिल्यांदा फुललं. बाबा मला म्हणाले, बघ, अजून थर्झालाच शोधतेय."

ती थांबलीच नाही.

"आणि मी? मी तेरा वर्षांची ताडमाड वाढलेली. माझ्याकडे बघायला तिला मान वर करावी लागली असती. तेवढी तिनं केली नाही. तुला सगळं मिळालं आणि तू ते मुठीत धरून उपटलंस. जाळलंस! आता मला विचारतेस, आई कशी होती?"

बटाटे तसेच टाकून ती वर गेली.

बाबा काठी आपटत होते. देवा, बाबा काठी आपटत होते आणि मी म्हणत होते, शाबासकी!

२५ मार्च

उजाडताच राखेपाशी गेले. काय शोधत होते कोण जाणे. एखादा कंद आतून ओला राहतो कधी कधी, बाहेरून कोळसा झाला तरी. हात घालून घालून सगळी राख उपसली. डेन्झिल कुंपणापलीकडून बघत होता.

कंदच नव्हते. जळका नाही, अर्धा नाही, सालपटही नाही. कंद जळला तरी त्याचं काळं टरफल राहतं. इथे नुसती पाल्याची राख.

मग डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर काट्यानं खोल खणून भेसळ काढली, आणि या वर्षी, फक्त या वर्षी, रागाच्या भरात हातानं ओढली. कंद वीतभर खाली असतो. हातानं ओढलं की देठ तुटतो, पानं येतात, कंद जागच्या जागी राहतो. पहिल्या वर्षी शेतात आलेल्या पोरीलाही हे कळतं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण या वेळी अवलक्षणानंच वाचवलं.

धावत वर गेले. बेरिलच्या दारावर थाप मारली. "खाली आहेत! कंद खाली आहेत!"

आतून आवाज आला, "कुठले? तुला दाखवता येतील?"

नाही येणार. पानंही मीच ओरबाडली. त्या ओळींत कोण कुठे पुरलंय, वरून काय कळणार?

६ मार्च १९७५

ताठ फुलं दिमाखात. त्यांच्यामध्ये जागोजागी नुसती बारीक पानं, फूल नाही. आंधळी पानं म्हणतो आम्ही त्यांना. गेल्या वर्षी पोटाला काही मिळालं नाही, फुलणार कशावर? प्रत्येक आंधळ्या पानापाशी काठी रोवली. त्यातली केझिया किती आणि नुसती उपाशी किती, देव जाणे.

टॉलमनचा फोन आला. कुंडीतली गेली.

बेरिल म्हणाली, "पुढच्या वर्षी." मी खेकसले, "पुढच्या वर्षी मी साठीची होईन!" ती म्हणाली, "होशीलच. फूल आलं तरी आणि नाही आलं तरी."

किटली हल्ली बेरिल म्हणते तिथे असते. मी भांडण सोडलेलं नाही, एवढंच की आधी ही एक गोष्ट होऊ दे.

१० मार्च १९७६

टॉलमनला फोन केला. या म्हटलं. काटा आणा आणि लांब दांड्याचा आणा, हातानं काही ओढू नका. तो म्हणाला, "मिस पेनगेली, मी कधीच ओढत नाही." शहाणा!

दुपारी आला. मी आणि बेरिल आधीच वाफ्यात होतो. चार काठ्यांपाशी फुलं होती. चारच. बाकीची पानं यंदाही आंधळीच. वरून बघितलं तर फुलाची नुसती पाठ दिसते. पांढरी पाठ, वाकलेली मान, आणि ती बघतेय जमिनीकडे. तीस वर्षं मी एवढंच पाहिलं आणि काटा घातला.

"खाली वाक," बेरिल म्हणाली.

"माझे गुडघे..."

"वाक म्हणते ना!"

मी ओल्या मातीत गुडघे टेकले, मग कोपरं टेकली, मग मान वळवून वर पाहिलं. ते फूल माझ्या तोंडावर होतं. समोर. नाकाला नाक.

वर ते दोघं बोलत होते, ते कानावर येत होतं. टॉलमन म्हणत होता, चारही कंद पानं वाळली की काढू, अर्धे मी नेईन, अर्धे इथे. "आणि ती ताठ फुलं," तो म्हणाला, "ती टाकू नका. खरंच सुरेख जात आहे, कुठेच नोंदलेली नाही. तुमच्या बहिणीनं तीस वर्षं निवडून निवडून केलेली आहे ती. तिला नाव द्यायला हवं."

"थर्झा लिहा," बेरिल म्हणाली. "मोडेल, पण मान वाकवायची नाही."

असा राग आला! माझ्या फुलाचं नाव ही ठरवणार? चांगलं खरमरीत उत्तर ओठावर होतं. पण मी अजून आडवीच होते, तोंडावर पांढऱ्या पाकळ्या, आणि मला इतक्यात तिथून उठायचं नव्हतं.